तिऱ्हाईत

खिडकीपलीकडच्या बाईंनी माझा पासपोर्ट पाहिला, रहिवासाचा दाखला पाहिला, मग पुन्हा पासपोर्ट उघडला आणि विचारलं, "यातलं तुमचं नाव कोणतं?"

पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि नावाचा वेगळा. नावाच्या रकान्यात माझं नाव आणि त्याला लागून बाबांचं. महाराष्ट्रात माझ्या पिढीच्या पासपोर्टांवर हे सर्रास दिसतं. त्यामुळे जर्मनीत आल्यापासून बँकेच्या कार्डावर, आरोग्य विम्यावर, वीजबिलावर, जिथे जिथे मी आहे तिथे तिथे बाबाही आहेत.

"पहिलं माझं," मी म्हणालो. "दुसरं वडिलांचं."

"मग दोन्ही छापावी लागतील. पासपोर्टावर आहे तसंच."

प्रिंटर घरघरला आणि फिकट हिरवा, घडीचा एक कागद बाहेर आला. त्यावर गाडीचा चासी नंबर, 373 सीसी, 32 किलोवॅट, आणि वर डाव्या बाजूला आम्ही दोघं. बाबांच्या स्वतःच्या नावावर आयुष्यात एकच गाडी झाली, 1987 ची चेतक. त्यांनी नोकरीभर आकुर्डीच्या कारखान्यात स्कूटरच जोडल्या, पण नावावर ती एकच. आणि आता स्टुटगार्टपासून तासाभरावरच्या एका जिल्हा कार्यालयात एका मोटारसायकलच्या आरसीवर त्यांचं नाव आलं होतं. ती मोटारसायकलही चाकणची.

मी जुनी केटीएम ड्यूक 390 घेतली त्याला कारण तेच. 2007 साली बजाजने केटीएममध्ये हिस्सा घेतला आणि पुढच्या काही वर्षांत छोट्या ड्यूक चाकणला बनून युरोपात जायला लागल्या. इथल्या रस्त्यावर कोणी त्यांना भारतीय म्हणत नाही, रंग नारिंगी आणि नाव ऑस्ट्रियाचं. पण पुढच्या चाकाशी खाली बसलं की ब्रेकच्या कॅलिपरवर 'बायब्रे' अशी अक्षरं दिसतात. ब्रेम्बोने भारतातल्या छोट्या गाड्यांसाठी काढलेलं ते नाव. विकणाऱ्याच्या अंगणात मी ती अक्षरं बोटाने पुसली, वर साचलेली ब्रेकची काळी पूड निघाली, आणि भाव न करता गाडी घेऊन टाकली. बायकोला हे मी बऱ्याच दिवसांनी सांगितलं.

पण गाडी घेणं हा शेवटचा भाग. त्याआधी दीड वर्ष गेलं होतं.

भारतातलं लायसन जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिने चालतं. त्यानंतर चालवलीत तर तो विनापरवाना गाडी चालवण्याचा गुन्हा. काही देशांच्या लायसनांची सरळ अदलाबदल होते, भारताचं नाव त्या यादीत नाही, म्हणून लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. डोळ्यांची तपासणी करायची, एक अख्खा दिवस प्रथमोपचाराचा वर्ग करायचा. लेखी परीक्षा जर्मनखेरीज बारा भाषांत देता येते, त्यात तुर्की आहे, अरबी आहे, क्रोएशियन आहे. आपली एकही नाही. मी इंग्रजीतून दिली. तिच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही, पाठांतर आहे आणि पाठांतर आपल्याला येतं.

प्रत्यक्ष परीक्षेने मात्र मला मुळापासून हलवलं.

मला शिकवायला साठीच्या एक बाई होत्या. सडपातळ, उंच, केस पूर्ण पांढरे, आणि हेल्मेट घातलं की तिशीच्या वाटाव्यात इतक्या सरळ बसायच्या. मी त्यांना सांगितलं की मी अठरा वर्षं गाडी चालवतोय, पुण्यात. त्यांनी मान डोलावली आणि मला रिकाम्या मैदानावर नेलं. 50 च्या वेगाने या आणि त्या शंकूपाशी पूर्ण ताकदीने थांबा. मी आलो, थांबलो. त्या चालत आल्या आणि रबराच्या लांबलचक काळ्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. मागचं चाक घसरत आलं होतं.

"पाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही पायाने थांबता."

खरं होतं. आपल्याकडे कोणीही गाडी शिकवताना पहिलं हेच सांगतं, पुढचा ब्रेक मारू नको, तोंडावर पडशील. वाळू, खडी, पावसात सांडलेलं ऑइल, अशा रस्त्यांवर ते चुकीचंही नाही. पण कोरड्या डांबरावर गाडी थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्या चाकात असते, आणि मी अठरा वर्षं ती वापरलीच नव्हती. त्यांनी माझा उजवा हात हँडलवर ठेवला आणि एकेक बोट लिव्हरवर आणलं. "दोन नाही. चारही. आधी हलकं दाबा, वजन पुढे येऊ दे, मग पिळा." लिंबू पिळल्यासारखं, मी मनात म्हटलं. त्या दुपारी मी तीसेक वेळा थांबलो. शेवटी शेवटी शंकूच्या दोन मीटर अलीकडे थांबायला लागलो.

मग खांद्यावरून मागे बघणं. वळण्याआधी, लेन बदलण्याआधी, कडेवरून निघताना, आरशात पाहिलं असलं तरी मान वळवून मागे बघायचं. जर्मन लोक याला 'शुल्टरब्लिक' म्हणतात, खांद्यावरची नजर. आरशात न दिसणारा एक कोपरा असतो आणि त्यात नेमका सायकलवाला असतो. परीक्षेत तुम्ही पुढे गाडीवर, परीक्षक आणि शिक्षक मागे कारमध्ये, आणि उजवीकडे वळा, डावीकडे वळा हे हेल्मेटमधल्या स्पीकरमधून कानात. पहिल्या परीक्षेत मी एका उजव्या वळणाला मान वळवली नाही. मागे कोणी नव्हतं. तरी नापास. "आज कोणी नव्हतं," परीक्षक म्हणाले, एवढंच. दोन आठवड्यांनी पुन्हा दिली आणि पास झालो.

मी तेव्हा घरी येऊन बराच वेळ गप्प बसलो होतो. नापास झाल्याचं वाईट वाटलंच, पण डोक्यात वेगळंच काहीतरी फिरत होतं. मागे कोणी नसताना मागे बघायचं. हे मला कोणी कधी शिकवलं नव्हतं, आणि ते शिकवलेला एक मुलगा 2011 च्या नोव्हेंबरमध्ये निगडीला हवा होता.

बाबा तेव्हा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. भक्ती-शक्ती चौकाच्या अलीकडे, संध्याकाळी साडेसहाला, भाजीची पिशवी घेऊन ते रस्त्याच्या कडेने चालत होते. मागून येणाऱ्या मोटारसायकलने एका रिक्षाला चुकवायला डावीकडे घेतलं आणि ती बाबांवर आली. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. आत सळई घातली, ती अजून आहे. पावसाळ्यात ते त्या पायाने हवामान सांगतात.

गाडी चालवणारा एकोणीस वर्षांचा, डिप्लोमाचा विद्यार्थी. पळून गेला नाही, हे मी आवर्जून सांगतो. त्यानेच रिक्षा थांबवली, तोच बाबांना घेऊन दवाखान्यात आला, आणि बाकावर बसून रडत होता. गाडी त्याच्या मोठ्या भावाची. गाडीला विमा नव्हता. पहिल्या वर्षी शोरूममधून निघाला होता तेवढाच, पुढे कोणी भरला नाही.

वकिलांनी समजावलं ते असं. मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावता येईल, निकालही आपल्या बाजूने लागेल, पण विमा कंपनी नसल्यामुळे पैसे गाडीच्या मालकाकडून वसूल करायचे. मालक म्हणजे तो भाऊ, भोसरीत एका वर्कशॉपमध्ये महिन्याच्या पगारावर. बाबांनी कागद ऐकून घेतले आणि म्हणाले, "त्या पोरांची गाडी विकली तरी माझ्या सळईचे पैसे निघायचे नाहीत. आणि मग ती कामावर कशी जाणार?" दावा लावला नाही. दवाखान्याचे पैसे प्रॉव्हिडंट फंडातून गेले. आईने त्यातून गावच्या घराचं छप्पर करायचं ठरवलं होतं.

आता जे लिहायचं आहे त्यासाठीच मी हा लेख लिहायला बसलो. त्या रात्री बाबांना ऑपरेशनला घेतल्यावर मी दवाखान्याच्या पार्किंगमध्ये आलो, माझ्या पल्सरच्या सीटखालची कागदांची पिशवी काढली आणि विम्याचा कागद पाहिला. मुदत संपून चौदा महिने झाले होते. चौदा महिने मी रोज चिंचवड ते हिंजवडी त्या गाडीवर जात होतो. रोज कोणाच्या तरी बाबांच्या शेजारून जात होतो. मी भला माणूस होतो, सावकाश चालवायचो, दारू पीत नव्हतो, सिग्नल पाळायचो. आणि तरीही त्या एकोणीस वर्षांच्या मुलात आणि माझ्यात फरक फक्त एका रिक्षाचा होता.

मी दुसऱ्या दिवशी विमा भरला. त्यानंतर एकदाही चुकवला नाही. पण घरात ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती.

आपण त्याला 'थर्ड पार्टी' म्हणतो. विमा कंपनी पहिली किंवा दुसरी, आपण दुसरे किंवा पहिले, आणि ज्याला लागलं तो तिसरा. याला मराठीत फार जुना आणि नेमका शब्द आहे, तिऱ्हाईत. ज्याचा आपल्या व्यवहाराशी संबंध नाही तो. आपल्या कराराच्या कागदावर ज्याची सही नाही, ज्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही, तो रस्त्याच्या कडेने भाजी घेऊन चाललेला असतो. आपल्याकडचा थर्ड पार्टी विमा 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 ने सक्तीचा आहे, आणि मृत्यू किंवा इजेच्या भरपाईला त्यात वरची मर्यादाच नाही. ठरावीक रकमेपर्यंत नाही, न्यायाधिकरण ठरवेल तेवढी. आपला कायदा तिऱ्हाइताच्या बाबतीत एवढा उदार आहे हे पल्सर चालवताना मला माहीत नव्हतं. विमा म्हणजे हवालदाराला दाखवायचा कागद, एवढंच डोक्यात होतं. 2018 च्या सप्टेंबरपासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, तेही सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, कारण लोक पहिल्या वर्षानंतर भरतच नव्हते. त्या भावासारखे. माझ्यासारखे.

जर्मनीत या विम्याला 'हाफ्टफ्लिश्ट' म्हणतात. शब्द फोडला तर एका बाजूला जबाबदार असणं आणि दुसऱ्या बाजूला कर्तव्य. तो नसेल तर गाडीची नोंदणीच होत नाही, इथे क्रम असा आहे. आधी विमा कंपनी तुम्हाला सात अक्षर-आकड्यांचा एक क्रमांक देते. तो कार्यालयात सांगितला की त्यांना पडद्यावर दिसतं की या गाडीच्या तिऱ्हाइताची सोय झाली आहे. मगच बाकीचं बोलणं. आणि पुढे कधी हप्ता थकला तर कंपनी त्या कार्यालयाला कळवते आणि गाडी रस्त्यावरून काढायला लावतात. विम्याशिवाय चालवणं हा दंड भरून सुटण्याचा मामला नाही, फौजदारी गुन्हा आहे, वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते.

मी ऑनलाइन न घेता गावातल्या एका एजंटकडे गेलो. बेकरीच्या वर त्यांची छोटी कचेरी, टेबलावर चार कुंड्या. भारतातल्या विमा कंपनीकडून मी मुद्दाम पत्र मागवून घेतलं होतं, अमुक इतकी वर्षं एकही दावा नाही असं. इथे जितकी वर्षं अपघाताविना जातात तितका तुमचा वर्ग वर सरकतो आणि हप्ता कमी होतो. एजंटने ते पत्र नीट वाचलं, कंपनीला पाठवलं, आणि दोन दिवसांनी फोन केला. मान्य नाही, शून्यापासून सुरुवात. मला त्याचा राग आला, आजही तो निर्णय मला पटत नाही. माझी ती वर्षं खरी होती. पण ती सगळी एका वळणावर मान न वळवताच गेली होती हेही मला तोवर कळलं होतं.

फॉर्म भरताना मी विचारलं, भरपाईची रक्कम केवढी? ते म्हणाले, दहा कोटी युरो. मला वाटलं मी ऐकण्यात चूक केली. कायद्याने माणसांच्या इजेसाठी किमान 75 लाख युरोंचं संरक्षण लागतं, पण बहुतेक कंपन्या दहा कोटींपर्यंत देतात आणि त्यासाठी फार जास्त घेत नाहीत. मी म्हणालो, "माझी गाडी तीन हजार युरोंची आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ही रक्कम तुमच्या गाडीसाठी नाहीच," ते म्हणाले. "समजा आठ वर्षांचं मूल आहे आणि त्याला आता चालता येणार नाही. त्याला साठ-सत्तर वर्षं जगायचंय. घरात लिफ्ट लागेल, रोज कोणीतरी उचलायला लागेल, आईची नोकरी सुटेल. त्याचा हिशेब केला की एवढे होतात." मग पेन उचललं आणि पुढचा रकाना विचारला, गाडी रात्री कुठे उभी असते.

मी उत्तर दिलं, अंगणात. पण माझं लक्ष तिथे नव्हतं. सळई, छप्पर, प्रॉव्हिडंट फंड. एका अनोळखी मुलाच्या साठ वर्षांचा हिशेब या माणसाने कुंड्यांमध्ये बसून मला करून दाखवला होता. गाडीच्या चोरी-गारपिटीसाठी आणि हरणांच्या धडकेसाठीचा वेगळा विमाही मी घेतला, जंगलातल्या रस्त्यांवर तो लागतोच. पण तो माझा.

नोंदणीआधी तपासणी. दर दोन वर्षांनी इथे दुचाकीची पूर्ण तपासणी होते. आपल्या पीयूसीसारखी फक्त धुराची नाही. ब्रेक, चेन, दिवे, टायर, स्टीयरिंगचं बेअरिंग, सगळं. माझी गाडी नापास झाली. आधीच्या मालकाने ब्रेक आणि क्लचचे लिव्हर बदलून लाल रंगाचे, दिसायला छान असे लावले होते, पण त्यांच्या मंजुरीचा कागद नव्हता. मी त्याला फोन केला. तो मूळचे लिव्हर एका चपलेच्या खोक्यात घेऊन संध्याकाळी घरी आला, सोबत स्वतःचा पाना, आणि अंगणात बसून त्यानेच ते बदलून दिले. काळे, साधे, टोकाशी थोडे खरवडलेले. पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर मी चार बोटं ठेवली आणि पिळून पाहिलं.

तपासणी झाल्यावर नंबर प्लेटवर एक गोल स्टिकर लागतं. मध्ये साल, कडेने घड्याळासारखे बारा महिने, आणि ज्या महिन्यात मुदत संपते तो आकडा वर येईल असं ते फिरवून चिकटवतात. रंग दर वर्षाचा वेगळा. माझं नारिंगी, मध्ये 25, वर 3. बाराच्या आजूबाजूला काळी पट्टी असते, त्यामुळे ती कुठे वळली आहे हे मागच्या गाडीतून पोलिसाला लांबूनच कळतं. कागद मागायलाही थांबवावं लागत नाही. मला हे फार आवडलं. जबाबदारी पाठीवर लावून फिरायचं, कोणीही वाचावी.

तर ते कार्यालय. पहिल्या खेपेला मला परत पाठवलं होतं, कारण मी नुसता पासपोर्ट नेला. जर्मन माणसाच्या ओळखपत्रावर पत्ता असतो, आपल्या पासपोर्टवरचा पत्ता चिंचवडचा. परदेशी माणसाने नगरपालिकेतून रहिवासाचा दाखला आणायचा. दुसऱ्या खेपेला सगळं होतं. गाडीची दोन्ही कागदपत्रं, तपासणीचा अहवाल, सात अक्षरांचा क्रमांक, आणि कर थेट खात्यातून वळता करून घ्यायची माझी सही. ती सही दिल्याशिवायही नोंदणी होत नाही.

कराचं पत्र पुढे महिन्याभरात आलं, आणि ते कस्टम्सकडून आलं. 2014 पासून जर्मनीत वाहन कर कस्टम्सच गोळा करतं. दुचाकीचा हिशेब सोपा आहे, दर 25 सीसीमागे वर्षाला 1.84 युरो. 373 सीसीचे पंधरा टप्पे, सत्तावीस युरो साठ सेंट, वरचे सेंट सोडून द्यायचे. 125 सीसीपर्यंतच्या छोट्या गाड्यांना माफ. महाराष्ट्रात गाडी घेताना एकदाच मोठी रक्कम भरायची आणि पंधरा वर्षं विसरायचं, इथे दरवर्षी थोडं थोडं. मी मार्च ते ऑक्टोबर असा हंगामी नंबर घेतला, म्हणून कर अठरा युरोच आला. हंगामी नंबरात प्लेटच्या उजव्या कडेला 03 आणि 10 असे छोटे आकडे छापलेले असतात. नोव्हेंबर उजाडला की गाडी चालवायची तर नाहीच, सार्वजनिक रस्त्यावर उभीही करायची नाही.

आणि नंबर. इथे जिल्ह्याच्या अक्षरांनंतर एक किंवा दोन अक्षरं आणि मग आकडे. हवा तो नंबर मोकळा असेल तर 10 युरो 20 सेंट जादा भरून मिळतो. सगळीच अक्षरं मिळत नाहीत, एसएस, एसए, एनएस, केझेड, एचजे या जोड्या देशभर बंद आहेत, नाझी काळाच्या खुणा म्हणून. मी आदल्या रात्री संगणकावर एमएच आणि 14 टाकलं. मोकळा होता. पिंपरी-चिंचवडचा आमचा नंबर, पन्नास हजार माणसांच्या या जिल्ह्याच्या गावात, माझी वाट बघत असल्यासारखा.

प्लेट कार्यालयात मिळत नाही. बाहेर, रस्त्यापलीकडे, दोन-तीन दुकानं असतात. तिथे कागद दाखवायचा, माणूस कोरा पत्रा यंत्रात सरकवतो, एक दणका, आणि अक्षरं उठून येतात. मग काळी फॉइल आणि गरम रोलर. प्लेट हातात घेतली तेव्हा ती अजून कोमट होती. ती घेऊन पुन्हा त्याच खिडकीशी यायचं. बाईंनी तपासणीचं नारिंगी स्टिकर लावलं, मग राज्याच्या चिन्हाचं गोल सील, अंगठ्याने दाबून. सील लागेपर्यंत तो नुसता पत्रा असतो. मग नावाचा तो प्रश्न, तो प्रिंटर, तो हिरवा कागद.

पहिल्या मोठ्या फेरीला मी शेजारच्या काळ्या अरण्यात गेलो, बाडेन-बाडेनहून फ्रॉयडेनस्टाटकडे जाणाऱ्या डोंगरमाथ्यावरच्या रस्त्याने. मुमेलझे तळ्यापाशी थांबलो. वर्णन करत नाही, फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. एवढंच सांगतो की परतताना एका वळणाआधी मी खांद्यावरून मागे पाहिलं आणि तिथे खरंच एक सायकलस्वार होती, पाठीवर लहान मूल बांधलेली. मी थांबलो. ती हात दाखवून पुढे गेली.

ऑक्टोबर संपता संपता गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवली आणि त्या रविवारी बाबांना व्हिडिओ कॉल केला. हिरवा कागद कॅमेऱ्यासमोर धरला. त्यांनी चष्मा लावला, स्वतःचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं. "माझं कशाला?" म्हणाले. मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "विमा?"

मी त्यांना कुंड्यांवाल्या एजंटची गोष्ट सांगितली, आठ वर्षांच्या मुलाची. आणि बारा वर्षं जे सांगितलं नव्हतं तेही सांगितलं, त्या रात्रीची पार्किंग, सीटखालची पिशवी, चौदा महिने. ते काही बोलले नाहीत. आईने मागून चहाचा कप ठेवल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने ते म्हणाले, "पल्सर आता धाकट्याकडे आहे ना. त्याने भरलाय का बघ."

धाकट्याने भरला नव्हता. ऑगस्टमध्ये संपला होता. मी फोन चालू ठेवूनच लॅपटॉप उघडला. पल्सर 150, म्हणजे 75 ते 150 सीसीचा गट, वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता 714 रुपये, वर जीएसटी. सव्वाआठशे-साडेआठशेच्या घरात. पाच मिनिटांत पॉलिसी धाकट्याच्या मोबाइलवर गेली. बाबांनी त्याला हाक मारून बोलावलं, त्याच्या हातातून मोबाइल घेतला आणि तारीख मोठ्याने वाचली.

पुढच्या वर्षीचं कालनिर्णय अजून घरात आलं नव्हतं. म्हणून त्यांनी भिंतीवरचं उतरवलं, डिसेंबरचं पान काढलं आणि खालच्या मोकळ्या जागेत, कारखान्यातल्या रजिस्टरमध्ये लिहायचे तशा ठसठशीत अक्षरात, पल्सरचा नंबर आणि मुदतीची तारीख लिहिली. मग मला म्हणाले, "तुझी केव्हा संपते, तीही सांग."